बाईने काय केलं, ते आधी सांगा

रूथची गोष्ट आपल्या संडे स्कूलमध्ये बहुतेक वेळा एका वाक्यापाशी येऊन थांबते: रूथ चांगली सून होती, तिने सासूला सोडलं नाही. मीही कित्येक वर्षं ती अशीच सांगत आले. मग एका रविवारी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, "बाई, दोघींचे नवरे वारले, मग त्या खात काय होत्या?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. घरी येऊन रूथच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय हातात पेन्सिल घेऊन वाचला. उत्तर तिथेच होतं, अगदी बारकाव्यांसकट.

सरवा वेचायला जाऊ का, हे रूथ स्वतःहून सासूला विचारते. ती मवाबी, परमुलखातली. बेथलेहेमच्या शिवारात तिला ओळखणारं कोणी नाही. ती कापणी करणाऱ्यांच्या मुकादमाकडे परवानगी मागते. सकाळपासून वेचत राहते, मध्ये थोडाच विसावा घेते. दुपारी मिळालेले भाजलेले दाणे पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी ठेवते. संध्याकाळी वेचलेली कणसं स्वतः झोडपते, दाणे मापते आणि एफाभर सातू डोक्यावर घेऊन गावात येते. एफा म्हणजे अंदाजे वीस-बावीस लिटरचं माप, आपल्याकडचा पत्र्याचा मोठा डबा भरेल एवढं. दोन बायकांचं बरेच दिवस भागेल इतकं धान्य तिने एका दिवसात मिळवलं.

सरवा हा शब्द आपल्या मराठी बायबलमध्ये आहे आणि तो आपल्या शिवारातला आहे. ज्वारी-बाजरी काढून झाल्यावर रानात राहिलेली कणसं गोळा करायला जाणाऱ्या बायका अनेक मुलांच्या आजीने पाहिलेल्या असतात. काही आज्या स्वतः गेलेल्या असतात. मी पुढच्या रविवारी वर्गात एक चटई पसरली, तिच्यावर मूठभर गहू विखरून टाकले आणि मुलांना सांगितलं, वाकून एकेक दाणा वेचायचा, बसायचं नाही. पाच मिनिटांत सगळ्यांची कंबर भरून आली. त्यानंतर मी गोष्ट सांगितली. त्या दिवशी रूथ चांगली सून होती हे मला वेगळं सांगावं लागलं नाही. एक मुलगा म्हणाला, "लई कष्टाळू होती ती."

बायबलमधल्या बायकांच्या गोष्टी मुलांना सांगणाऱ्या सगळ्यांना, म्हणजे संडे स्कूलच्या शिक्षकांना, सुट्टीतल्या बायबल वर्गाच्या स्वयंसेवकांना, रात्री नातवंडांना झोपवताना गोष्ट सांगणाऱ्या आजी-आजोबांना, माझं पहिलं सांगणं यातूनच आलेलं आहे. गोष्टीची तयारी करताना शास्त्रातला तो उतारा उघडा आणि त्यातल्या बाईची फक्त क्रियापदं एका कागदावर उतरवून काढा. ती गेली, तिने विचारलं, लपवलं, मोजलं, नकार दिला, हाक मारली, धावली. गोष्ट सांगताना ही क्रियापदं गाळू नका. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत गोष्ट लहान करताना पहिल्यांदा हीच गळतात आणि त्यांच्या जागी विशेषणं येतात: सुंदर, नम्र, आज्ञाधारक, विश्वासू. विशेषणं खोटी असतात असं नाही. पण मुलाच्या डोळ्यांपुढे विशेषण उभं राहत नाही. धान्याचं ओझं डोक्यावर घेऊन चालणारी बाई उभी राहते.

रिबकेची गोष्ट घ्या. चित्रांच्या पुस्तकात ती विहिरीवरची सुंदर मुलगी असते, अब्राहामाचा सेवक तिला पाहतो आणि इसहाकासाठी पसंत करतो. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात सेवकाबरोबर दहा उंट आहेत. रिबका झऱ्यापाशी उतरते, घागर भरून वर येते, त्या म्हाताऱ्या माणसाला पाणी पाजते आणि म्हणते, तुमच्या उंटांनाही पाजते. मोठ्या मुलांच्या वर्गात इथे फळ्यावर हिशेब मांडा. खूप तहानलेला उंट एका वेळी शंभर लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. आपण निम्मंच धरू. दहा उंटांचं पाचशे लिटर झालं. एका घागरीत दहा लिटर मावतं असं धरलं तर पन्नास खेपा, प्रत्येक खेपेला खाली उतरायचं आणि भरली घागर घेऊन वर यायचं. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या मुलांना हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. सेवक अवाक होऊन तिच्याकडे बघत राहतो असं शास्त्रात म्हटलंय, ते कशामुळे, हे मुलं आपणहून सांगतात.

याच अध्यायाच्या शेवटाकडे एक छोटी जागा आहे, ती मात्र बहुतेक जण वगळतात. घरची माणसं रिबकेला बोलावून विचारतात, या माणसाबरोबर जाणार का? ती म्हणते, जाईन. लग्न जुळवण्याची बोलणी मोठ्यांनी केलेली आहेत, तरी तिला विचारलं गेलं आणि उत्तर तिने स्वतः दिलं. आपल्या मुलामुलींनी हे ऐकायला हवं असं मला फार वाटतं. हे एक वाक्य सांगायला दहा सेकंदं पुरतात.

आता दुसरी बाजू. काही गोष्टींत आपण गाळत नाही, उलट भर घालतो, आणि ती भर बहुतेकदा बाईच्या विरुद्ध जाते. दबोरेची गोष्ट सांगताना मी अनेकदा ऐकलंय की त्या काळी लायक पुरुष मिळेना, म्हणून देवाने बाईला उभं केलं. शास्ते पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात असं कुठेही नाही. तिथे इतकंच आहे की दबोरा संदेष्ट्री होती, इस्राएलाचा न्यायनिवाडा करत होती, एफ्राइमाच्या डोंगराळ मुलखात रामा आणि बेथेल यांच्या मध्ये खजुरीच्या झाडाखाली बसत असे, आणि लोक आपले तंटे घेऊन तिच्याकडे येत. शत्रूचा सेनापती सीसरा याच्याकडे नऊशे लोखंडी रथ आहेत, आणि इस्राएलाचा सेनानी बाराक तिला म्हणतो, तू बरोबर आलीस तर मी जाईन. ती म्हणते, येते. लायक पुरुषांची वाण होती हे वाक्य आपलं आहे. वर्गातल्या मुलीला त्यातून कळतं की तिची पाळी इतर सगळे नापास झाल्यावर येते. ते वाक्य काढून टाका आणि झाडाखालचा न्याय सांगा. गावात चावडीवर किंवा पारावर तंटे मिटवताना मुलांनी पाहिलेलं असतं. त्या पारावर मधोमध बाई बसली आहे, एवढं चित्र काढायला सांगा.

वश्ती राणीवर तर आपण फारच अन्याय करतो. एस्तेरेला मोठं करायचं म्हणून वश्तीला गर्विष्ठ करून टाकतो. एस्तेरच्या पहिल्या अध्यायात अहश्वेरोश राजाची मेजवानी आहे. आधी एकशे ऐंशी दिवस वैभवाचं प्रदर्शन, मग सात दिवस खाणंपिणं. सातव्या दिवशी राजाला मद्य चढलेलं असताना तो हुकूम देतो की राणीला मुकुट घालून सगळ्यांपुढे आणा, लोकांना तिचं सौंदर्य बघू द्या. ती येत नाही. कारण दिलेलं नाही. ते आपण गर्व म्हणून भरायचं काही कारण नाही. आठवी-नववीच्या मुलींना विचारून बघा, तिथे जायला तुम्हाला कसं वाटलं असतं. मी विचारलं तेव्हा वर्गात शांतता झाली आणि मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

एस्तेरेचीही गोष्ट सौंदर्यस्पर्धेसारखी सांगू नये. मुली घरोघरून गोळा करून राजवाड्यात आणल्या गेल्या होत्या, त्यांना निवड नव्हती. तिची खरी गोष्ट चौथ्या अध्यायात सुरू होते. तोवर ती, तिला वाढवणारा मर्दखय सांगेल तसं वागत आलेली आहे. इथे ती त्याला सांगते: सगळ्या यहुद्यांना गोळा कर, तीन दिवस उपास करा, मी आणि माझ्या दासीही करू, मग बोलावणं नसताना मी राजापुढे जाईन. न बोलावता जाणाऱ्याला देहान्ताची शिक्षा होती. आणि अध्यायाचं शेवटचं वाक्य सांगतं की मर्दखयाने एस्तेरेच्या सांगण्याप्रमाणे सगळं केलं. पहिल्या अध्यायात एकशे सत्तावीस प्रांतांचा राजा बायका ऐकतील की नाही याची चिंता करत फर्मान काढतो आणि चौथ्यात एका अनाथ मुलीचा शब्द सगळा समाज पाळतो. हे दोन्ही मोठ्या मुलांपुढे शेजारी-शेजारी ठेवा.

मग्दालीया मरीयेची बदनामी तर शेकडो वर्षांची आहे. ती वाईट चालीची बाई होती, येशूने तिला सुधारलं, असं आजही कितीतरी ठिकाणी मुलांना सांगितलं जातं. चारपैकी एकाही शुभवर्तमानात हे नाही. लूकच्या सातव्या अध्यायात येशूचे पाय आसवांनी भिजवणारी एक पापी स्त्री आहे, तिचं नाव दिलेलं नाही. आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला मरीयेचं नाव येतं, तिच्यातून सात भुतं निघाली होती असं सांगून. या दोघी आणि बेथानीची मरीया, तिघींना एक करण्याची पद्धत पश्चिमेकडच्या चर्चमध्ये पक्की झाली ती पोप ग्रेगरी यांच्या इ. स. ५९१ मधल्या एका प्रवचनामुळे. कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये पंचांग सुधारताना त्या वेगळ्या केल्या आणि २०१६ पासून २२ जुलैचा तिचा दिवस प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीने पाळला जातो. वसईच्या किंवा गोव्याच्या धर्मशिक्षण वर्गांत हे सहज सांगता येईल.

मुलांना इतकी हकीगत सांगायची गरज नाही. त्यांना लूकच्या आठव्या अध्यायातली तीन वाक्यं पुरे आहेत: येशू गावोगाव फिरत होता तेव्हा बारा शिष्यांबरोबर मरीया होती, हेरोदाच्या कारभारी खुजाची बायको योहान्ना होती, सुसान्ना होती, आणखी पुष्कळ बायका होत्या, आणि त्या आपल्या जवळच्या पैशांतून सगळ्यांचा खर्च भागवत होत्या. एवढं ऐकलं की मुलांच्या मनातल्या येशूच्या मागच्या रांगेत बायका येऊन चालायला लागतात. आणि पुनरुत्थानाच्या सकाळी, ईस्टरच्या पाठात, रिकाम्या कबरेपाशी जाणाऱ्यांत चारही शुभवर्तमानांनी जिचं नाव दिलंय ती हीच. योहानाच्या विसाव्या अध्यायात प्रभू तिला नावाने हाक मारतो आणि ती ओळखते. मग तो तिला शिष्यांकडे निरोप घेऊन पाठवतो. ईस्टरच्या चित्रात तुम्ही पेत्र आणि योहान धावताना दाखवत असाल, तर त्यांना ही बातमी कोणी दिली तेही दाखवा.

हव्वेबद्दल थोडक्यात. मूळ हिब्रूत फळ खाताना नवरा तिच्याबरोबर होता असे शब्द आहेत. तो कुठे लांब शेतात काम करत नव्हता. आणि तिला आदामाची साहाय्यक म्हटलंय तिथे जो हिब्रू शब्द आहे, एझेर, तोच १२१ व्या स्तोत्रात देवाच्या साहाय्यासाठी आला आहे. घरकामात हातभार लावणारी एवढाच अर्थ मुलांच्या डोक्यात बसू देऊ नका.

मार्था आणि तिची बहीण, बेथानीची मरीया, यांच्या गोष्टीपाशी मला जरा रेंगाळायचं आहे, कारण आपल्या घरांत ती सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या माणसाला ऐकवली जाते. रविवारी उपासनेनंतर पाहुणे येतात, मुलगी स्वयंपाकघरात ताटं घेते, भाऊ बाहेर टीव्ही बघतो, आणि तिने जरा कुरकुर केली की कोणीतरी म्हणतं, मार्थेसारखं करू नकोस. मूळ गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. मरीया प्रभूच्या चरणाजवळ बसून त्याचं वचन ऐकत होती. चरणाजवळ बसणं हे आपल्याला नम्रपणाचं किंवा सेवेचं चित्र वाटतं. पण प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात पौल आपण गमलियेलाच्या चरणांजवळ शिकलो असं सांगतो, तेव्हा आपण त्याचे विद्यार्थी होतो हेच तो सांगत असतो. गुरूच्या पायाशी बसून विद्या घेतली असं आपणही म्हणतोच. मरीया तिथे शिष्य म्हणून बसली होती. आणि तिने निवडलेली ती जागा तिच्याकडून काढून घेतली जाणार नाही, असं प्रभू म्हणतो. मुलीच्या हातात पुस्तक असताना तिला पीठ मळायला बोलावणाऱ्या घरात हे सांगायला हवं.

मार्थेलाही वाईट ठरवू नका. योहानाच्या अकराव्या अध्यायात भाऊ लाजर वारल्यावर प्रभू येतोय कळताच घरातून उठून वेशीबाहेर त्याला भेटायला जाते ती मार्था. त्याच्याशी बोलते, तू वेळेवर असतास तर, अशी तक्रारही करते, आणि तूच ख्रिस्त आहेस हे ठामपणे म्हणते. पेत्राने दिलेली अशीच कबुली आपण मुलांकडून पाठ करून घेतो. मार्थेची कोणाच्या लक्षातही नसते. वर्गात या गोष्टीनंतर कोण चांगली, मार्था की मरीया, हा प्रश्न विचारायचा सोडून द्या. त्याऐवजी विचारा: मरीया ऐकत बसली, मार्थेलाही ऐकायचं होतं, घरात पंधरा माणसं जेवायला आहेत, तर आता काय करायचं? उत्तर आधी मुलग्यांकडून घ्या. आमच्या वर्गात एकदा ठरलं की पेत्र भांडी घासेल आणि लाजर पाणी भरेल.

मुलग्यांचा विषय निघालाच आहे तर, या गोष्टी फक्त मुलींसाठी राखून ठेवू नका. महिला दिनाच्या रविवारी एस्तेर आणि मदर्स डेला हन्ना, बाकी वर्षभर दावीद आणि दानीएल, असं होऊ नये. दबोरेचं चित्र मुलग्यांनीही रंगवावं, लुदियेची भूमिका करणाऱ्या मुलीला दुकानातला नोकर म्हणून मुलगा मिळावा. लुदिया लहान मुलांना फार आवडते, कारण तिचं दुकान मांडता येतं. ती थुवतीरा गावची, फिलिप्पै शहरात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणारी. त्या काळी उत्तम जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून निघे आणि खूप महाग असे. आईची एखादी जांभळी साडी आणि एक मीटरपट्टी एवढ्यात तिचं दुकान उभं राहतं. पौल नदीकाठी बोलत असताना ती ऐकते, घरातल्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेते आणि पौलाच्या मंडळींना आग्रह करकरून आपल्याच घरी उतरवते. यापोची टबीथा, जिला दुर्कसही म्हणतात, तीही अशीच. ती वारल्यावर गावातल्या विधवा रडत पेत्राला तिने शिवलेले अंगरखे काढून दाखवतात. शिवणयंत्रावर बसणाऱ्या आईच्या मुलाला ही बाई ओळखीची वाटते. नव्या करारात शिष्य या शब्दाचं स्त्रीलिंगी रूप एकदाच आलंय, ते तिच्यासाठी, हे त्याला मोठा झाल्यावर सांगा.

नावांबद्दल एक सवय लावून घ्या. जिथे शास्त्रात बाईचं नाव आहे तिथे ते घ्याच, कितीही अवघड असलं तरी. गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशे, याजक आणि सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नाही म्हणून त्याचं नाव आणि त्याची जमीन का जावी? महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा. देव सांगतो, मुलींचं म्हणणं बरोबर आहे. सातबाऱ्यावर बहिणींचं नाव लावायचं की हक्कसोडपत्रावर सह्या घ्यायच्या, ही चर्चा आपल्या घरांत मुलांच्या कानांवर पडतच असते. भारतात बहुतेक ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू आहे आणि त्यात मुलगा-मुलगी समान वारस आहेत. त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना तोच हक्क मिळावा म्हणून मेरी रॉय सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये जिंकल्या. बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना पाच बहिणींची गोष्ट सांगून झाल्यावर हे जरूर सांगा. पाच नावं तालावर म्हणता येतात, लहानगीही दोन मिनिटांत पाठ करतात.

आणि जिथे नाव नाही तिथे आपण खोटं नाव देऊ नये. नामान सेनापतीच्या घरच्या मुलीला नाव नाही. ती इस्राएलातून पकडून नेलेली आहे, हे शास्त्र स्पष्ट सांगतं आणि आपण मात्र ते गोड करून टाकतो. तिचे आईबाप कुठे असतील, तिला रात्री काय वाटत असेल, हे मुलांना विचारू द्या. मग ती शत्रूच्या घरात आजारी सेनापतीला बरं होण्याची वाट दाखवते, त्याला वजन येतं.

चित्रांची पुस्तकं निवडताना पानं उलटून बायका मोजा. नोहाच्या तारवात आठ माणसं होती, त्यांतल्या चार बायका: नोहाची बायको आणि तीन सुना. कितीतरी पुस्तकांत तारवाच्या कठड्यावर जिराफांची जोडी आणि एकटा दाढीवाला नोहा असतो. पाच भाकरी आणि दोन मासळ्यांच्या गोष्टीत मत्तय पाच हजार पुरुष म्हणतो आणि लगेच जोडतो, बायका आणि मुलं वेगळी. चित्रात त्या नसतील तर मुलांना स्केचपेन द्या आणि गर्दीत भर घालायला सांगा. पुस्तक फेकून द्यायची गरज नाही.

अवघड गोष्टींबद्दल तुम्ही विचाराल, म्हणून माझं मत सांगते. याएलने तंबूची मेख ठोकून सीसराला मारलं ते दहा वर्षांच्या आतल्या मुलांना सांगू नये. तेव्हा दबोरेची गोष्ट किशोन नदीला पूर येतो आणि रथ वाहून जातात तिथे थांबवावी. हागारची गोष्ट नऊ-दहा वर्षांच्या मुलांना समजते. तिचा छळ झाला, ती पळाली, रानातल्या झऱ्यापाशी देवदूताने तिला नावाने हाक मारली, आणि तिने देवाला नाव दिलं, पाहणारा देव. परमेश्वराला नाव देणारी बायबलमधली पहिली व्यक्ती ही मिसरी दासी आहे. बथशेबेचा विषय तेरा-चौदाच्या आधी काढू नये, आणि काढलात तर तिने दावीदाला भुलवलं हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका. नाथान संदेष्टा मेंढीच्या कोकराची गोष्ट सांगून बोट दाखवतो ते दावीदाकडे.

इफ्ताहाच्या मुलीला आज्ञाधारक लेकीचा आदर्श म्हणून मी शिकवलेलं ऐकलंय आणि त्याचा मला आजही त्रास होतो. बापाने केलेल्या नवसापायी तिचा जीव गेला. शास्त्र त्या नवसाची स्तुती करत नाही. दर वर्षी चार दिवस इस्राएलातल्या मुली तिच्यासाठी शोक करत, एवढं लिहून ठेवतं. ती गोष्ट सांगायचीच असेल तर मोठ्या मुलांना, आणि त्या शोकासकट.

अशा गोष्टींनंतर एखादं मूल तुमच्याजवळ येऊन स्वतःबद्दल काही सांगू शकतं. तेव्हा मध्येच उपदेश करू नका, प्रार्थना करू म्हणून विषय बंद करू नका, कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. शांतपणे ऐका, तुझी चूक नाही हे सांगा. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. चाइल्डलाइनचा नंबर १०९८ आहे, तो वर्गाच्या दाराला मोठ्या अक्षरांत लावून ठेवा.

नाताळच्या नाटिकेची तयारी दिवाळीनंतर सुरू होते, तेव्हा हेही लक्षात घ्या. दर वर्षी एक मुलगी मरीया होते, बाकी सगळ्या पांढऱ्या झग्यात देवदूत. मेंढपाळ मुलगे, मागी लोक मुलगे. पण बायबलमध्ये राहेल बापाची मेंढरं राखत होती, आणि मिद्यानी याजकाच्या सात मुली कळपाला पाणी पाजायला विहिरीवर येत होत्या. घोंगडी पांघरून काठी हातात घेतलेल्या मुली बेथलेहेमच्या शिवारात शोभतात. अलीशिबा आणि मरीयेची भेट घाला. तिथे मरीया जे गाते त्यात गादीवर बसलेले खाली ओढले जातात आणि भुकेले तृप्त होतात, ते मुलीने खणखणीत आवाजात म्हणावं, पुटपुटू नये. आणि मंदिरातली हन्ना संदेष्ट्री विसरू नका. लग्नानंतर सात वर्षांनी विधवा झालेली, चौऱ्याऐंशी वर्षांची, मंदिर न सोडणारी. बाळ येशूला पाहिल्यावर ती येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना त्याच्याबद्दल सांगत सुटते. ही भूमिका मंडळीतल्या एखाद्या आजीलाच द्या.

भाषेचं एक सांगायचं राहिलं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावला मुक्तिसदनात अख्खं बायबल मराठीत आणलं ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणून. १९२२ मध्ये त्या गेल्या, भाषांतर १९२४ मध्ये छापून बाहेर आलं आणि त्याच्या छपाईचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. तेव्हा गोष्ट सांगताना घरातली मराठी वापरायला संकोच करू नका. रूथने नामीला सासूबाई म्हणावं की आई, हे तुमच्या घरात सून काय म्हणते त्यावर ठरवा.

सुरुवात कुठून करावी असं वाटत असेल तर निर्गमाचे पहिले दोन अध्याय घ्या. पाच बायका मिळून एक बाळ, मोशे, वाचवतात. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणी राजाचा हुकूम मोडतात. त्यांची नावं शास्त्रात आहेत आणि त्या फारो राजाचं नाव तिथे नाही. मग मोशेची आई, बहीण आणि राजाची मुलगी. आई लव्हाळ्याची पेटी घेते आणि तिला डांबर आणि राळ लावते. वर्गात तुम्ही बांबूची छोटी परडी आणि मेणबत्त्या आणा, मेण वितळवायचं काम स्वतः करा, आणि मुलांना आतून-बाहेरून एकही फट राहणार नाही असं लिंपू द्या. मग बादलीत पाणी भरून परडी सोडा. पहिली बहुधा बुडते. ती उचलून पुसून मुलं परत लिंपायला बसतात, आणि बहिणीने काठावर किती वेळ उभं राहून पाहिलं असेल, हे तेव्हा विचारा.